एक ठोका म्हणजे हो

ज्याच्या कानांवर संपूर्ण कंपनीचा भरवसा होता, अशा एका माणसाची ही हकिकत आहे.

कार्यालयात त्याला सगळे कानसेन म्हणत. गळा नसेल तर निदान कान तरी हवा, या अर्थाची म्हण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नावाचे कारण सांगावे लागणार नाही. फोनवरच्या बोलण्यात कोठे खरखर आहे, कोणता शब्द अर्धा तुटला, पलीकडे पंखा चालू आहे की पाण्याचा नळ, हे तो डोळे मिटून सांगत असे. त्याची बायको मात्र म्हणे, "हापिसात यांना मुंगीच्या पायातले घुंगरू ऐकू येतात. घरात मी हाका मारून थकले तरी भिंतीला ऐकू जाईल, यांना नाही."

त्याचे काम फोनसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे होते. माणूस फोनवर बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांबरोबर रस्ता, शेजार, भांडी, यंत्रे असे सारे काही आत शिरते. त्यातून बोलणे तेवढे ठेवायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे, अशी एक गाळणी तो आणि त्याचे सहकारी तयार करत होते. ही गाळणी तारेची किंवा कापडाची नव्हती. ती नुसत्या लिहिलेल्या आज्ञांची होती. तिला आधी शिकवावे लागे. लहान मुलाकडून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावे, तसे तिला हजारो आवाज ऐकवून सांगावे लागे की हा ठेव, हा टाक. भिंतींना काळा स्पंज लावलेल्या एका बंद खोलीत बसून तो हे शिकवण्याचे काम करत असे.

गाळणीने सगळा आवाज काढून घेतला की फोनमध्ये ठार शांतता होते, आणि माणूस घाबरून "हॅलो, हॅलो" करू लागतो. त्याला वाटते, फोन तुटला. म्हणून कानसेनने त्या शांततेत एक बारीक, बनावट सळसळ भरण्याची युक्ती केली होती. ती सळसळ ऐकली की पलीकडे कोणीतरी आहे, असे वाटत राहते. या युक्तीबद्दल साहेबांनी त्याची सर्वांसमोर पाठ थोपटली होती.

त्याचे वडील सुतार होते. अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर असलेल्या एका लहान शहरात त्यांचे दुकान होते आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा संसार. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मोजपट्टीवरचे आकडे तेवढे ओळखीचे. पण फळी बोटाच्या पेराने ठोकून ती आतून पोकळ आहे की भरीव, हे ते सांगत. "लाकूड खोटं बोलत नाही. नीट विचारलं पाहिजे," असे ते म्हणत.

गाळणी शिकवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत कानसेन सुटी काढून वडिलांकडे गेला होता. ठोकण्याचे चांगले, निरनिराळे आवाज त्याला कोठे मिळत नव्हते. त्याने मायक्रोफोन रंधा मारण्याच्या बाकाजवळ उभा केला.

"हे काय तोंडासमोर धरलंयस?" बाबांनी विचारले. "मी काही भाषण करणार नाही."

"भाषण नकोच आहे, बाबा. तुम्ही काम करा. मला ठोकण्याचा आवाज पाहिजे."

"त्याचं काय लोणचं घालणार?"

"यंत्राला शिकवायचंय. असला आवाज फोनमध्ये आला की पुसून टाकायचा. माणसाचं बोलणं तेवढं राहू द्यायचं."

बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "म्हणजे बापाचं काम पुसायचं आणि बडबड ठेवायची? उलटं कर की रे. गिऱ्हाइकं तर म्हणतात, मिस्त्री, तोंड आवरा आणि हात चालवा."

शेजारच्या टपरीत कुलपे दुरुस्त करणारा बाबांचा मित्र बसत असे. तेथून तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या तोंडाला बसेल असं कुलूप माझ्याकडे पण नाही."

"तुझी कुलपं चोरालाच उघडतात. मालक बाहेर उभा राहतो," बाबा म्हणाले आणि पुन्हा ठोकू लागले.

कानसेन दिवसभराचे आवाज घेऊन परतला. हातोडी, लाकडी मोगरी, पटाशी, पेन्सिलीचे टोक फळीवर आपटणे, पेराची टकटक. सारे अगदी स्वच्छ उमटले होते. अडचण एकच होती. मधून मधून बाबा बोलत होते. टाकायच्या आवाजात माणसाचे बोलणे मिसळले तर गाळणी बोलणेही टाकायला शिकेल. म्हणून त्याने स्पंजाच्या खोलीत बसून बाबांचे प्रत्येक वाक्य कापून काढले. उरलेली ठोकाठोक गाळणीला दिली आणि कापलेले तुकडे पुसून टाकले. करवतीखालचा भुसा कोणी जपून ठेवत नाही.

गाळणी उत्तम शिकली. ठोकण्याचा आवाज पुसण्यात तर तिचा हात धरणारे दुसरे कोणी नव्हते.

पुढे बाबांचा आवाज बसला. पहिल्यांदा धूळ म्हणून, मग थंडी म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. तपासणी झाली तेव्हा गळ्यातली गाठ वाढलेली होती. शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले. मानेच्या तळाशी एक भोक राहिले आणि बाबा त्यातून श्वास घेऊ लागले. त्यावर पातळ कापडाचा चौकोनी तुकडा बांधलेला असे. डॉक्टरांनी कानसेनला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, बाहेर बोलावून सांगितले, "नाकातून जाताना हवा गाळली जाते. आता ती थेट छातीत जाणार. लाकडाच्या भुशात यांना अजिबात बसू देऊ नका."

बाबा खाटेवर उठून बसले तेव्हा त्यांनी लोखंडी कठड्यावर पेराने एकदा ठोकले आणि मान होकारार्थी हलवली. दोनदा ठोकले आणि मान नकारार्थी हलवली. मग तीनदा ठोकून दाराकडे बोट दाखवले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे पुरे झाले, आता जा. ताई रडत होती, ती त्या तिसऱ्या खुणेला हसली.

हीच भाषा फोनवर चालू लागली. बाबांचा फोन जुना, बटणांचा होता. तो ते बाकावर ठेवत, मोठ्या आवाजावर करत आणि शेजारी सुताराची चपटी पेन्सिल घेऊन बसत. रोज संध्याकाळी कानसेन कार्यालयातून चालत घरी निघाला की फोन लावी. पलीकडे गळ्यातल्या श्वासाची ओली सुरसुर ऐकू येई, आणि पेन्सिल.

"जेवलात का?"

टक.

"ताईचं कालवण बरं होतं का?"

टक. मग थोडे थांबून, अगदी हळू, आणखी एक टक.

"सांगू का तिला?"

टक टक, घाईने.

ताई बाबांच्याच शहरात राहत असे आणि शिवणकाम सांभाळून बाबांचा डबा देत असे. पण बाबा दुकान सोडत नव्हते. स्टूल दुरुस्त कर, खिडकीची चौकट बसव, अशी लहान कामे त्यांनी पुन्हा सुरू केली होती. खोकला लागला होता. कानसेनने आणि त्याच्या बायकोने घरातली एक खोली रिकामी केली, खिडकीजवळ खाट टाकली. रोज संध्याकाळी तो विचारी, "आमच्याकडे येता का?" रोज दोन ठोके येत.

एका संध्याकाळी त्याचा तोल गेला. "भुसा खाऊन मरायचंय का तुम्हाला?"

टक टक.

"मग येता का?"

टक टक.

"तुमचा हट्ट म्हणजे सागाची गाठ आहे. रंधा मोडेल, गाठ नाही. विचार करा. मी उद्या परत विचारणार."

मग जे घडले ते आधी सांगून टाकतो, कारण कानसेनला ते फार उशिरा कळले. एका मोठ्या फोन सेवेने ती गाळणी विकत घेतली होती. आतापर्यंत ती नव्या फोनांतच बसवली जात होती, म्हणून बाबांच्या जुन्या फोनशी तिचा संबंध येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. पण त्या आठवड्यात सेवेने ती आपल्या मुख्य केंद्रांतच बसवायला घेतली, म्हणजे फोन कोणताही असो, बोलणे गाळणीतूनच जाणार. हे काम शहराशहराने चालले होते. कोणत्या शहराची पाळी कधी, हे ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर बसत, आणि खालच्या मजल्याने ते विचारण्याची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. "बाबा, काय ठरवलंत? येता ना?"

उत्तर आले नाही. बारीक सळसळ ऐकू येत होती.

"ऐकताय ना?"

सळसळ.

"रागावलात का?"

सळसळ. त्याला वाटले, बाबांनी पेन्सिल बाजूला ठेवली आहे. ते हाताची घडी घालून बसले आहेत, ऐकत आहेत आणि मुद्दाम उत्तर देत नाहीत. लहानपणी ते असेच करत. दिवस दिवस अबोला धरत आणि रंध्यावर राग काढत. त्याने तीन-चार संध्याकाळी प्रयत्न केला. ताई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती, डबा कुलपवाल्याच्या घरून येत होता. ताईला त्याने फोनवर सांगितले, "बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

"तुम्ही दोघं एकाच ओंडक्याच्या फळ्या," ताई म्हणाली. "वाळलं की होईल सरळ."

शेवटी एका संध्याकाळी तो रस्त्यातच उभा राहून म्हणाला, "शेवटचं विचारतोय, बाबा. येता का?" आणि सळसळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. राहा तिकडेच. मी परत नाही विचारणार."

त्यानंतर त्याने फोन केला नाही.

काही दिवसांनी भर दुपारी बाबांचाच फोन आला. ते आपण होऊन कधी फोन करत नसत. कानसेन बैठकीत होता. साहेब पडद्यावर आलेख दाखवत होते: गोंगाटाच्या तक्रारी किती घटल्या, कोणत्या भागात किती घटल्या. तो बाहेर आला.

"बाबा? काय झालं?"

सळसळ.

"काही हवंय का? बरं नाही का?"

सळसळ.

"बाबा, मी कामात आहे. गप्पच बसायचं असेल तर फोन कशाला लावता?"

त्याने फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. कानसेन आत गेला आणि त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. टेबलाच्या लाकडावर तो बराच वेळ थरथरत राहिला.

ताई परतली तेव्हा बाबा दुकानात बाकाला टेकून बसलेले होते आणि श्वास घेताना त्यांची छाती वाजत होती. रुग्णालयात नेले. कानसेन पोहोचला तेव्हा गळ्यातल्या भोकाला यंत्राची नळी लावली होती आणि बाबांना शुद्ध नव्हती. त्याने त्यांचा तळहात उलटा केला. अंगठ्याजवळची घट्टे पडलेली कातडी तशीच होती. त्याने तळहातावर बोटाने एकदा ठोकले. मग थांबला. पुन्हा ठोकले. परिचारिका म्हणाली, "त्यांना कळत नाहीये हो."

बाबा शुद्धीवर आले नाहीत. गेले.

सर्व उरकल्यावर तो दुकानाची किल्ली आणायला कुलपवाल्याकडे गेला. त्या म्हाताऱ्याने त्याला बसा म्हटले नाही. किल्ली पुढे केली आणि पुन्हा कानस घासू लागला.

दुकानात शिरताच दाराशी बाबांची हत्यारांची पेटी दिसली. ती दोरीने आवळून बांधलेली होती. तिच्यावर कपड्यांची पिशवी. बाक झाडून स्वच्छ केलेला, त्यावर फक्त ती चपटी पेन्सिल. तिचे टोक ठोकून ठोकून चेपले होते.

तो बाहेर आला. "काका, पेटी कोणी बांधली?"

"त्यांनीच."

"कुठे न्यायची होती?"

कुलपवाल्याने कानस थांबवली. "तुमच्याकडे. आणखी कुठे?"

"ते तर नाही म्हणत होते."

"पहिल्यांदा म्हणत होते. मी रात्रंदिवस डोकं खाल्लं त्यांचं. म्हटलं, मिस्त्री, पोरगा बोलावतोय, जा. माझ्या नशिबात बोलावणारा कोणी नाही. मग तयार झाले. तुमचा फोन आला तेव्हा मी इथे, या स्टुलावर होतो. तुम्ही विचारलंत, येता ना? त्यांनी एकदा ठोकलं. तुम्ही म्हणालात, रागावलात का? त्यांनी दोनदा ठोकलं. रोज हेच. आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, ठीक आहे, राहा तिकडेच."

कानसेनने दाराशी बांधून ठेवलेल्या पेटीकडे वळून पाहिले.

"मला वाटलं, सुनेला नको असेल. बापलेकाच्या बोलण्यात आपण तोंड घालू नये म्हणून गप्प राहिलो. पेटी मात्र त्यांनी सोडली नाही. म्हणायचे, म्हणजे हातानं सांगायचे, परत विचारील. अंगात ताप असताना तुम्हाला फोन लावत होते. मी डॉक्टर आणतो म्हटलं तर फोनकडेच बोट दाखवत होते."

"मला ऐकू आलं नाही, काका."

"मी तीन हातांवर बसलो होतो. मला आलं."

कानसेनने त्याच्या हातात त्याचाच फोन दिला आणि आपल्या फोनवरून तो लावला. "हा बाकावर ठेवा आणि माझ्याशी बोला." तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. कुलपवाल्याचा आवाज आरशासारखा स्वच्छ आला: "काय बोलू? बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय. आता पेन्सिल घ्या. ठोका."

सळसळ.

"ठोकलंत?"

"ठोकतोय की. कधीचा ठोकतोय."

मधल्या जागेत तीच बारीक सळसळ होती. त्याने स्वतः लिहिलेली, पलीकडे कोणीतरी आहे असे वाटावे म्हणून. आता त्याला आठवले की त्या सगळ्या संध्याकाळी श्वासाची ओली सुरसुरही नव्हती. मुंगीचे घुंगरू ऐकणाऱ्या कानाला ते कळायला हवे होते. रागात कानांत बोळे जातात.

तो परत आला तेव्हा कुलपवाला पेन्सिल हातात धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, आणि ते पाहणे कानसेनला अधिक जड गेले.

"तुम्हाला खरंच ऐकू गेलं नाही?"

"नाही."

"मग त्यांना तसं म्हणाला का नाहीत? ऐकू येत नाही, एवढंच म्हणायचं. त्यांनी ताटलीवर हातोडी मारली असती. मला बोलायला लावलं असतं."

 आपल्याला ऐकू येत आहे, अशीच कानसेनची समजूत होती.

कामावर रुजू झाल्यावर तो साहेबांकडे गेला. साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी दार लावून घेतले, पाण्याचा पेला पुढे केला आणि सगळे ऐकून घेतले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण तूच सांग, ठोके जाऊ दिले तर शेजारच्या बांधकामाचा आवाजही जाणार. लाखो लोक समाधानी आहेत. ठोकून बोलणारे असे किती असणार?"

"एक होते," कानसेन म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. हा विषय पुढच्या कामांच्या यादीत घालू, असे म्हणाले. कानसेनने बाबांच्या दुकानातले आवाज शिकवणीतून काढून पाहिले. काही फरक पडला नाही. एकदा शिकलेली गोष्ट गाळणी विसरत नव्हती, आणि तिला नव्याने शिकवण्याची परवानगी मिळाली नाही.

काही आठवड्यांनी दुकान रिकामे करायला तो गेला. ताई झाडू घेऊन उभी होती. तिने विचारले, "तू त्या वेळी दिवसभर मशीन लावून बसला होतास ना? त्यात बाबांचा आवाज असेल. नातवाला ऐकवायचाय. त्याला कळू दे, पणजोबा कसे बोलायचे."

त्याने तिला बाकावर बसवले आणि रेकॉर्डिंग लावले. हातोडी वाजू लागली. मग पटाशी. मग एकदम अर्धवट ठोका आणि पुन्हा हातोडी. ताई वाट पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "बोलणं कधी येतंय?"

"नाही येणार."

"अरे, ते तर सारखे बोलत होते. कुलपवाले काका पण होते."

"ते मी कापलं. त्या कामाला फक्त ठोकणं लागत होतं."

ताई हातोडी ऐकत राहिली. पुढे तसाच आणखी एक अर्धवट ठोका आला तेव्हा तिने बोट वर केले. "इथे काय म्हणाले होते? आठवतंय?"

"म्हणाले, बापाचं काम पुसायचं आणि बडबड ठेवायची? उलटं कर की रे."

ताईने झाडू उचलला. जमिनीवर भुसा नव्हता, तरी तिने एक कोपरा झाडला. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "आधी बडबड पुसलीस. मग काम." आणि जरा वेळाने, "पेटी घेऊन जा. ते तुझ्याकडे यायला निघाले होते."

बसमध्ये त्याने पेटी पायांशी ठेवली. दोरी त्याने सोडली नव्हती. ती गाठ बाबांची होती. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला आतली हातोडी फळीवर आपटत होती. शेजारचा प्रवासी मोठ्याने फोनवर बोलत होता. त्याने फोन कानापासून जरा दूर धरला आणि म्हणाला, "अहो, ती पेटी जरा दाबून धरा की. पलीकडच्याला माझं बोलणं ऐकू जाणार नाही."

"जाईल," कानसेन म्हणाला. "फक्त तुमचंच जाईल."

प्रवासी पुन्हा बोलू लागला. कानसेनने पेटीवर हात ठेवला, पण ती दाबून धरली नाही.